दहाव्याला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे होतं

भावजी, तुमचं तोंड त्यांनी चौकात लावलंय.

एस.टी.च्या थांब्याशेजारी, जिथं कायम कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स फडफडत असतो, तिथंच. वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधोमध तुमचा फोटो, अन् भोवती धर्मापुरीतल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची तोंडं. तुमचे चुलते, आपले तात्या, त्यांचं तोंड तर तुमच्यापेक्षा मोठं, अन् वर गॉगल. दुखवट्याला गॉगल कशाला लागतो, देव जाणे. खाली 'शोकाकुल' म्हणून जी नावं छापलीत, त्यातल्या किती जणांनी तुम्हाला कधी 'काय मुंजाभाऊ' म्हणून हाक मारली? 'ए येड्या' म्हणून मारलेली मी या कानांनी ऐकलीय. नावानं हाक मारायला माणूस मरावा लागतो का या गावात?

फोटो कोणता, तेही ऐका. तुम्ही जन्मात कुणाला सरळ फोटो काढू दिला नाहीत, म्हणून तात्यांच्या वाढदिवसाच्या शिबिरातला शोधून काढलाय. आठवतं ना ते शिबिर? मांडव, डीजे, अन् अपंगांना साहित्य वाटप. तुमचं नाव पुकारलं, वर बोलावलं, अन् हातात काठी दिली. शेळ्यांमागं डोंगर चढून येणाऱ्या माणसाला काठी! तुम्ही ती उलटीसुलटी करून बघितलीत अन् माईकसमोरच म्हणालात, "पण मला चालता येतंय की." सगळा मांडव हसला, टाळ्या पडल्या, डीजेवाल्यानं वर आणखी भोंगा वाजवला, अन् तुम्ही काठी टाकून दोन्ही कान दाबून धरलेत. तोच फोटो. कानावरचे हात कापता येईनात, तर फ्लेक्सवाल्यानं त्यांच्यावर झेंडूचा हार चिकटवलाय. खांद्यावर तात्यांचा अंगठ्या घातलेला हात तसाच राहिलाय. बघून शिसारी आली मला. विळा घेऊन निघालेच होते, तर तुमचे दादा आडवे आले. "दुखवट्याच्या घरात तमाशा नगं," म्हणाले. तमाशा मी करतेय म्हणे!

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ आहे. येतात, सतरंजीवर बसतात, पदर डोळ्याला लावतात, अन् सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द. सुटला. "सुटला बघ बिचारा." आणि मग माझ्याकडं बघून, "अन् तूबी सुटलीस माय. लई केलंस त्याचं." पहिल्या दिवशी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी माझ्यानं राहवेना. खालच्या आळीची एक बाई हेच म्हणाली, तेव्हा मी विचारलं, "कशातून सुटले?"

"अगं, म्हंजी... तसल्या जिनगानीतून."

"काय वाईट होतं त्यांच्या जिनगानीत, ते तरी सांगा. तुमची पोरं दगड मारायची, तेवढंच. बाकी तर बरं चाललं होतं."

बाई अर्धा चहा तसाच ठेवून उठली. आता गावभर झालंय की मुंजाच्या वैनीचं डोकं फिरलंय. फिरू द्या. मला या 'सुटला'ची किळस आलीय, भावजी. माणसाला नीट जगू द्यायचं नाही, अन् मेला की सुटला म्हणायचं. तुम्हाला सुटायचं नव्हतं. तुम्हाला रानातल्या आखाड्यावर, त्या पत्र्याच्या खोलीत राहायचं होतं. तेवढंच मागितलं होतंत तुम्ही, अन् तेवढंच कुणी दिलं नाही.

पण त्याच्या आधीचं सांगते, नाही तर माझा राग तुम्हालाही कळायचा नाही.

मी दिंद्रुडहून लग्न होऊन इथं आले, तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की, मुलाचा धाकटा भाऊ जरा शांत आहे. पहिल्या सकाळी मी वेणीफणी करून बाहेर आले तर तुम्ही अंगणात पाठमोरे बसला होतात. मी चहा पुढं केला. तुम्ही कपाकडं बघून म्हणालात, "साय हाय." घेतला नाहीत. मला वाटलं, दीर लई तोऱ्याचा दिसतो. नंतर कळलं की चहावर साय आली, वरणाचा ओघळ भाताला लागला, भाजीचं तेल भाकरीत मुरलं, की तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही, उलटी व्हायची. सासूबाई आपल्या 'लाड हायेत' म्हणून तेच कालवून पुढं ठेवायच्या अन् तुम्ही उपाशी उठायचात. परळीच्या यात्रेतून मी ती खणांची थाळी आणली, आठवतं? एका खणात भाकरी, एकात भाजी, एकात भात. त्या दिवशी तुम्ही थाळी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसलात अन् सगळं जेवलात. तुमच्याकडं कुणी बघत असलं की तुम्हाला जेवण जायचं नाही, हेही त्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं. मी चुलीकडं वळून बसले. तेव्हापासून आपला हाच रिवाज पडला.

आणि तुमचं ते बोलणं! "वैनी, आज भाजी वाईट झालीय. काल चांगली होती." घरात पंगत बसलेली, पाहुणे बसलेले, अन् तुमचं हे. मी लाजून मरायची. पण एक सांगते, नव्या सुनेला सासरी प्रत्येकाचं बोलणं तोलून बघावं लागतं. छान म्हणाले तर का म्हणाले, काही बोलले नाहीत तर का बोलले नाहीत. तुमचं तोलावं लागायचं नाही. तुम्ही चांगली म्हणालात की ती भाजी चांगलीच असायची. या घरात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तुमच्या 'चांगली होती'नं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, "मग वाईट म्हणालो तवा बरं न्हाई वाटलं का?" अन् तासभर वाद घातला असतात.

वादावरून आठवलं. तो आपला वाद अजून मिटलेला नाही, बरं का. दुपारी ह्यांचा डोळा लागायचा अन् दारात कुणी तरी मतं नाही तर वर्गणी मागायला यायचं. मी म्हणायची, "घरी न्हाईत." आणि आतून तुमचा आवाज, "दादा घरातच हाय. खाटेवर झोपलाय." काय सांगू तुम्हाला, जीव घ्यावासा वाटायचा. "भावजी, असं म्हणायची रीत असते," मी म्हणायची. "खोटं बोलायची रीत?" तुम्ही. "खोटं नव्हं ते, टाळणं हाय." "मग 'टाळायचंय' असं सांगा." मी म्हणायची, जग तुमच्यासारखं चालत नाही. तुम्ही म्हणायचात, "मग जगच चुकतंय, वैनी. मी कावून बदलू?" वर आणखी, "तुमी खोटं बोलल्या की तुमचा आवाज बदलतो. मला ते ऐकवत न्हाई." मी थट्टेवारी न्यायची. अंगणवाडीत पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवते मी, अन् घरी दिरापुढं हरायची.

माझी आई गेली तेव्हाचं मात्र मी विसरणार नाही. माहेराहून मी परत आले अन् घर बायकांनी भरलं. जी ती गळ्यात पडून हेल काढत होती, मलाच त्यांना समजवावं लागत होतं. तुम्ही जवळ आला नाहीत. बाया कुजबुजल्या, "याला काय कळतंय." अन् मग गर्दी ओसरली तेव्हा बघितलं, तुम्ही अंगणात, माझ्याकडं पाठ करून, लिंबाखाली बसलेले. शेळ्या सोडल्याच नव्हत्या. त्या गोठ्यात ओरडत होत्या अन् तुम्ही अख्खी दुपार तिथंच. एक शब्द नाही. मी रडले, रडणं थांबलं, पुन्हा रडले, तुम्ही हलला नाहीत. दिवस कलला तेव्हा उठलात अन् म्हणालात, "आता शेळ्यांला पाणी दावतो." तेवढं सोबतीला बसणं मला त्या दिवसात दुसऱ्या कुणाकडून मिळालं नाही.

आता आखाड्याचं. सासूबाई गेल्यावर घरात आवाज वाढला. टीव्ही मोठा आला, मिक्सर आला, तात्यांची माणसं ओट्यावर येऊन बसायला लागली. जयंत्या, मिरवणुका, निवडणुका, बारशाला डीजे, बैल जिंकला तरी डीजे. तुम्ही ज्वारीच्या पोत्यांमागं कानात आपल्याच शेतातला कापूस घालून बसायचात. अन् एक दिवस जेवताना, नीट सगळा विचार करून, तुम्ही बोललात. "दादा, मला आखाड्यावर ऱ्हायचंय. एकट्याला. वैनीनं डबा द्यावा, न्हाई तर मी येऊन घेऊन जाईन. घरात लई आवाज हाय, माझं डोकं दुखतंय." काय जगावेगळं मागितलं होतंत? आपल्याच रानातली पत्र्याची एक खोली, पुढं हौद, लिंबाचं झाड, शेळ्यांना मोकळी जागा. लाइट आली की तुम्ही मोटार चालू करून पाइपाखाली हात धरून बसायचात, लाइट जाईपर्यंत. तेव्हा तुमच्या तोंडावर जे सुख दिसायचं, ते मी देवळातल्या माणसांच्या तोंडावर कधी बघितलं नाही.

तुमचे दादा म्हणाले, "लोक काय म्हनतील? भावाला रानात हाकलून दिला म्हनतील."

"तुमी सांगा की, हाकललं न्हाई, तोच गेलाय."

तात्या बसलेलेच होते. "खानदानाची अब्रू हाय, मुंजा. आपल्यात असं चालत न्हाई." हे कोण बोलतंय? ज्यांनी स्वतःच्या आईला वाड्याच्या मागच्या खोलीत टाकलं होतं ते. मी दारातून म्हटलं, "त्यांना जायचंय तर जाऊ द्या ना." तर दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं की मी जणू तुमची ताटली बाहेर फेकली. मग विषय मिटवायला दादा म्हणाले, "बरं बरं, पोळ्याला बघू."

झालं. तुम्ही ते खरं धरलंत. पोळा आला, बैलांच्या शिंगांना रंग लागला, अन् तुम्ही सकाळीच अंघोळ करून दारात. "दादा, पोळा आला. बघायचं होतं." दादा हसले, "पुढल्या पोळ्याला." पुढच्या पोळ्याला पुन्हा तुम्ही दारात. दर पोळ्याला. तुमच्या डोक्याला बाकी गाव 'येडं' म्हणायचं, पण ज्यानं शब्द दिला त्याला तो पाळायला सांगणारा माणूस येडा कसा, हे मला आजवर कळलेलं नाही.

आखाडा नाही, पण तुमचं लग्न मात्र करायला निघाले होते! तात्यांनीच आणलेलं स्थळ, चकलांब्याचं. "बायको आली की येतो ताळ्यावर." माझं डोकं सणकलं, पण बायकांना कोण विचारतं. पोहे झाले, पोरगी पाटावर बसली, मान खाली. तात्यांनी तुम्हाला विचारलं, "मग, मुंजाभाऊ? पसंत हाय का?" तुम्ही पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणालात, "तिला विचारा की. ती आतून रडून आलीय. तिचे डोळे सुजलेत. तिला आपल्याकडं यायचं न्हाई." सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. पोरगी तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली, तेव्हा कुठं तिच्या बापानं तिच्याकडं बघितलं. लोक म्हणतात, तुम्हाला दुसऱ्याच्या मनातलं कळत नव्हतं. त्या बैठकीत कुणाला कळलं, मग?

आपल्या पूजानं, तुमच्या पुतणीनं, लातूरला नर्सिंग शिकताना ते नाव शोधून काढलं. ऑटिझम. ती हट्टानं तुम्हाला तिकडच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मीही होते. मला त्या बाई अजून डोळ्यांपुढं दिसतात. त्यांनी आधी तुम्हाला विचारलं, "मुंजाभाऊ, हा दिवा बंद करू का?" तुम्ही म्हणालात, "व्हय. तो कुरकुरतोय." मला तर काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी उठून बंद केला अन् खिडकी उघडली. उभ्या आयुष्यात तुमच्यासाठी कुणी दिवा बंद केलेला मी पहिल्यांदा बघितला. सगळं तुम्हालाच विचारलं, तुमच्या उत्तराची वाट बघितली. मग आम्हाला म्हणाल्या, हे जन्मापासून आहे, लहानपणी कुणाला ओळखता आलं नाही, अन् हा काही आजार नाही की बरा करू. औषध नको. त्यांना स्वतःची शांत जागा द्या, अन् ते काय म्हणतात ते ऐका.

घरी येऊन मी हे सगळ्यांपुढं सांगितलं. तात्या दादांना म्हणाले, "औषध न्हाई दिलं ती कसली डॉक्टर बे?" विषय संपला. पोळ्याला तुम्ही पुन्हा दारात उभे राहिलात.

आता ते लिहिते, जे इतका वेळ टाळत होते.

आषाढात तुमचं पोट दुखायला लागलं. तुम्ही ओरडायचा नाहीत. दुखलं की गुणगुणायचात. गाणं नाही, नुसता एक सूर, दात मिटून. विंचू चावला होता तेव्हाही असंच गुणगुणत तुम्ही रानातून घरापर्यंत चालत आला होतात, अन् लोक म्हणाले होते, लई खुशीत हाय आज. मला माहीत होतं. मी ह्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. नेलं. कोणता दवाखाना, ते लिहीत नाही, त्यांचा बोर्ड मोठा आहे तेवढं पुरे.

डॉक्टरनं तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दादांना विचारलं, "काय होतंय याला?"

तुम्ही म्हणालात, "माझ्या पोटात उजवीकडं गरम होतंय. पाय सरळ केला की वाढतंय."

इतकं सरळ कुणी सांगत नाही हो, भावजी! आम्ही बाया तर 'कसंतरी होतंय' म्हणतो. पण डॉक्टरनं पुन्हा दादांनाच विचारलं, "पहिल्यापासून असाच आहे का? म्हणजे डोक्यानं?" पोटावर हात ठेवला तर तुम्ही तो झटकलात, कारण न सांगता हात लावलेला तुम्हाला चालतच नाही. "मारकुटा आहे वाटतं," म्हणाला. आणि हसला. मी म्हटलं, "साहेब, ते गुणगुणतात म्हणजे लई दुखतंय." तर म्हणतो, "बाई, दुखत असतं तर गाणी म्हटली असती का? तुम्ही बाहेर थांबा." गॅसची गोळी दिली अन् पुढच्या पेशंटला बोलावलं. त्याचं ते हसणं आठवलं की माझ्या तोंडात कडू पाणी येतं. शिकलेला माणूस, गळ्यात ती नळी, भिंतीवर सर्टिफिकिटं. माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कुठं दुखतंय, कधी वाढतंय, अन् याला ऐकू येत नाही. थू!

त्या गोळीच्या भरवशावर दिवस गेले, अन् लातूरला नेईपर्यंत अपेंडिक्स फुटून विष पोटभर झालं होतं. तिथले डॉक्टर आमच्यावरच ओरडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. त्या खोलीत सगळी यंत्रं वाजत होती, डोक्यावर पांढरा दिवा. पूजानं सिस्टरला विचारून तुमच्या कानात कापूस घातला. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी बघत विचारलंत, "वैनी, पोळा कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. आवाज बदलला असेल तर तो रडण्यानं.

काल तुमचा दहावा झाला.

ओढ्याकाठी सगळं गाव. तुमच्या दादांनी डोकं केलेलं, ओल्या धोतरात बसलेले. गुरुजींनी पिंड मांडला. आणि मग ज्यानं त्यानं आपापलं आणून पत्रावळीवर टाकायला सुरुवात केली. भातावर दही, दह्यात जिलेबी, जिलेबीवर भजं, वरून कुणी पेढा कुस्करला, कुणी तंबाखूची पुडी ठेवली. तंबाखू! तुम्ही जन्मात खाल्ली नाहीत. सगळं एकात एक कालवलेलं, पाक ओघळून भातात गेलेला. मग सगळे मागं सरले अन् गोल करून, टक लावून बघत उभे राहिले, कावळा कधी शिवतो म्हणून.

बाभळीवर कावळे होते. माना वाकड्या करून बघत होते. एकही खाली येईना.

तेव्हा सुरू झालं, भावजी. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय पाहिजे, त्याला सगळं गाव हात जोडून विचारायला लागलं. "मुंजा, काय इच्छा राहिली असंल ती सांग रे." दादा म्हणाले, "तुझ्या शेळ्या इकणार न्हाई." कावळा हलला नाही. तात्या पुढं झाले, "येशीत तुझ्या नावानं कमान बांधतो." कमान! अन् तिच्यावर यांचं तोंड. कुणी तरी म्हणालं, लग्नाची इच्छा राहिली. एक म्हातारी म्हणाली, रुईच्या झाडाशी तरी लग्न लावून मग पेटवायला पाहिजे होतं. गुरुजी घड्याळाकडं बघायला लागले. त्यांना दुसरीकडं जायचं होतं. "दर्भाचा कावळा करू अन् शिववू, शास्त्रात आहे तसं," म्हणाले, अन् गवताच्या काड्या वळायलाही लागले. म्हणजे आता कावळासुद्धा खोटा.

माझ्यानं राहवलं नाही. मी बायकांतून पुढं आले. "काय इच्छा राहिली, ते तुमाला समद्यांला ठाऊक हाय," मी म्हटलं. "त्यांना आखाड्यावर ऱ्हायचं होतं. एकट्याला. अन् जेवताना त्यांच्याकडं कुणी बघितलेलं त्यांना चालत न्हवतं. हितं तर अख्खं गाव बघतंय!"

तात्या म्हणाले, "बाईमाणसानं असल्या टायमाला मधी बोलू न्हाई."

"मग तुमी सांगा. तुमच्या पुढंच मागितलं होतं त्यांनी."

दादा खाली बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले अन् तोंडातून एवढंच आलं, "पोळ्याला बघू म्हनलो होतो मी त्येला."

मी नवी पत्रावळ घेतली. पिंडातला कोरडा भात तेवढा काढला, एका कडेला ठेवला. शिदोरीतली भाकरी घेतली, दुसऱ्या कडेला ठेवली. अन् आखाड्याच्या वाटेला लागले. मागं गलका झाला. गुरुजी म्हणाले, पिंड असा हलवत नसतात. तात्या माझ्यामागं निघाले. मी वळून म्हटलं, "कुणी मागं यायचं न्हाई." तरी ते यायला लागले, तेव्हा तुमच्या दादांनी त्यांचा हात धरला. लग्न झाल्यापासून दादांनी तात्यांचा हात धरलेला मी पहिल्यांदा बघितला. "जाऊ द्या, तात्या," म्हणाले. "आज तिला जाऊ द्या."

आखाड्यावर शेळ्या लिंबाखाली बसल्या होत्या. लाइट होती. मी मोटार चालू केली, हौदात पाणी पडायला लागलं. तुम्ही ज्या दगडावर डबा उघडून बसायचात, त्यावर पत्रावळ ठेवली. भात अन् भाकरी एकमेकांना लागत नाहीत ना, ते पुन्हा बघितलं. मग दूर गेले अन् दगडाकडं पाठ करून बसले, तुम्ही माझ्या आईच्या वेळी बसला होतात तशी. काही बोलले नाही. बोलायचं लई होतं, पण तुम्ही तरी कुठं बोलला होतात. समोर डोंगर होता, मागं पाण्याचा आवाज. मध्येच पंखांची फडफड झाल्यासारखी वाटली, दगडावर काही तरी खरडल्यासारखंही वाटलं. शेळीही असेल. मी मान वळवली नाही.

लाइट गेली, पाणी थांबलं, तेव्हा उठले. आल्या वाटेनं तशीच निघाले.

बांधावर सगळे उभे होते, पुढं तुमचे दादा. डोळे लाल झालेले. "शिवला का?" त्यांनी विचारलं.

मागून तात्या म्हणाले, "शिवला म्हन की, अन् मोकळं कर समद्यांला. लोक उपाशी हायेत."

एक शब्द बोलले असते तर सगळे हात जोडून जेवायला गेले असते. कुणाचं काही बिघडलं नसतं. तुमचे दादा माझ्या तोंडाकडं बघत होते, अन् मला ठाऊक होतं की त्यांना आज तेवढंच ऐकायचंय.

मी म्हटलं, "मी बघितलं न्हाई."